व्यतिकरणमापक

व्यतिकरणमापक हे प्रकाशाच्या दोन किंवा अधिक तरंगमाला एकमेकींवर आणून, त्यांच्या मिलनातून उमटणाऱ्या उजळ व काळ्या पट्ट्यांच्या साहाय्याने अत्यंत सूक्ष्म अंतरे मोजणारे उपकरण होय. प्रकाशाची तरंगलांबी ठरविणे आणि काच, धातू किंवा स्फटिक यांच्या पृष्ठभागावरील डोळ्यांना न दिसणारे, बोटांना न जाणवणारे उंचवटे व खळगे शोधून काढणे ही त्याची दोन प्रमुख कार्ये आहेत. वरवर पाहता ही कामे भिन्न वाटतात. वस्तुतः तो एकच व्यवहार आहे. पृष्ठभागांमधील अंतर ठाऊक असेल तर त्यावरून तरंग मोजता येतो आणि तरंग ठाऊक असेल तर त्याच पट्टीने पृष्ठभाग मोजता येतो. या विद्याशाखेला व्यतिकरणमिती असे म्हणतात.

तत्त्व

दोन तरंग एकाच ठिकाणी येऊन पोहोचले असता एकाचा शिखरभाग दुसऱ्याच्या शिखरावर पडला तर प्रकाश वाढतो. शिखरावर दरी पडली तर दोन्ही तरंग एकमेकांना नाहीसे करतात व तेथे काळोख दिसतो. प्रकाशात प्रकाश मिसळून अंधार निर्माण व्हावा ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते. परंतु तिचा अनुभव सर्वांनीच घेतलेला असतो. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगावर जे रंग खेळतात ते रंगद्रव्याचे नसतात. तवंगाच्या वरच्या व खालच्या अशा दोन पृष्ठभागांवरून परावर्तित झालेले किरण एकत्र येतात आणि तवंगाच्या जाडीनुसार पांढऱ्या प्रकाशातील कोणता ना कोणता रंग वजा होतो. उरलेला रंग आपल्याला दिसतो. तवंग पातळ होत जाईल तसे रंग पालटतात. म्हणजे प्रत्येक रंग ही जाडीची एक नोंदच असते.

या नोंदीची सूक्ष्मता किती असते हे आकड्यांवरून कळेल. सोडियमच्या दिव्याच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी सु. ५८९ नॅनोमीटर आहे. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दशलक्षांश.) माणसाच्या केसाची जाडी सु. ७० मायक्रोमीटर धरली, तर तेवढ्या अंतरात या प्रकाशाचे सु. १२० तरंग मावतात. परावर्तित किरण फटीतून जातो आणि परत येतो, म्हणजे तेच अंतर दोनदा कापतो. म्हणून दोन काचांमधील फट अर्ध्या तरंगलांबीने, म्हणजे ०.३ मायक्रोमीटरपेक्षाही किंचित कमी अंतराने बदलली, की एका काळ्या पट्ट्याची जागा पुढचा काळा पट्टा घेतो. पट्ट्याचे स्थलांतर त्याच्या रुंदीच्या दहाव्या भागापर्यंत ओळखणे सरावाने साधते. कोणतीही गुंतागुंतीची यंत्रणा नसताना, दोन काचा आणि एक दिवा एवढ्या सामग्रीवर मिलिमीटरच्या तीस-चाळीस हजाराव्या हिश्श्यापर्यंत पोहोचता येते.

पूर्वेतिहास

पातळ थरांच्या रंगांचे वर्णन रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात केले होते. त्यांचे मोजमाप मात्र आयझॅक न्यूटन यांनी केले. सपाट काचेवर अत्यल्प वक्रतेचे बहिर्गोल भिंग ठेवले असता स्पर्शबिंदूभोवती एकात एक अशी वर्तुळाकार कडी दिसतात. त्यांना आजही ‘न्यूटनची कडी’ म्हणतात. कड्यांचे व्यास आणि भिंगाची वक्रता यांवरून न्यूटन यांनी हवेच्या थराची जाडी काढली व एका कड्यापासून पुढच्या कड्यापर्यंत ती इंचाच्या ८९,००० व्या भागाने वाढते असे ‘ऑप्टिक्स’ (१७०४) या ग्रंथात नोंदविले. आजच्या परिमाणात हे अंतर सु. २८५ नॅनोमीटर होते, म्हणजेच पिवळ्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळजवळ निम्मे. प्रकाश हा कणांचा बनलेला आहे, या मताकडे कल असलेल्या माणसाने तरंगलांबीचे इतके चोख मोजमाप करून ठेवावे, हा विज्ञानाच्या इतिहासातील एक मौजेचा योग म्हणावा लागेल. त्या आकड्यांचा खरा अर्थ लावायला सुमारे शंभर वर्षे जावी लागली. थॉमस यंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी व्यतिकरणाचे तत्त्व मांडले, तेव्हा त्यांनी न्यूटन यांचीच मापे घेऊन तांबड्या टोकाची तरंगलांबी इंचाचा सु. ३६,००० वा भाग आणि जांभळ्या टोकाची सु. ६०,००० वा भाग अशी काढली. आजच्या मापांशी ती चांगली जुळतात.

फ्रेंच शास्त्रज्ञ इपॉलीत फिझो यांनी १८६२ मध्ये न्यूटनच्या कड्यांचा एक नवा उपयोग दाखविला. सोडियमच्या प्रकाशात भिंग हळूहळू वर उचलीत असता सरकणारी कडी ते मोजत गेले. सु. ४९० व्या कड्यापाशी कडी जवळजवळ पुसली गेली व सु. ९८० व्या कड्यापाशी पुन्हा स्पष्ट झाली. याचा अर्थ असा की, सोडियमचा पिवळा रंग एकजिनसी नाही. त्यात अगदी जवळच्या दोन तरंगलांब्या आहेत, त्यांच्यातील फरक सु. एक हजारांशाचा आहे आणि एकीचे ९८१ तरंग होतात तेव्हा दुसरीचे ९८० होतात. दोन घड्याळांचे ठोके क्रमाने चुकत जावेत आणि पुन्हा जुळावेत, तसाच हा प्रकार आहे.

मायकेलसन यांचे उपकरण

व्यतिकरणमापकाला स्वतंत्र उपकरणाचे रूप देणारे आल्बर्ट एब्राहम मायकेलसन (१८५२–१९३१) यांचा जन्म तेव्हाच्या प्रशियातील आणि आताच्या पोलंडमधील स्ट्रेल्नो या गावी झाला. लहानपणीच ते आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेले. नौदलाच्या अकादमीत शिक्षण व पुढे तेथेच अध्यापन करीत असताना प्रकाशाचा वेग मोजण्याच्या प्रयत्नांमुळे त्यांचे नाव झाले.

त्यांच्या उपकरणाची मांडणी साधी आहे. दिव्याकडून येणारा झोत ४५ अंशांत तिरप्या ठेवलेल्या, चांदीचा विरळ लेप दिलेल्या काचेवर पडतो. त्याचा अर्धा भाग परावर्तित होऊन एका आरशाकडे, तर उरलेला अर्धा काचेतून आरपार जाऊन काटकोनात ठेवलेल्या दुसऱ्या आरशाकडे जातो. दोन्ही झोत परत येऊन त्याच काचेपाशी भेटतात व दुर्बिणीत व्यतिकरणाचे पट्टे दिसतात. एक आरसा बारीक आट्यांच्या स्क्रूने सरकविता येतो. आरसा अर्धी तरंगलांबी सरकला की एक पट्टा दृष्टीसमोरून जातो. किती पट्टे गेले हे मोजले की आरसा किती सरकला हे कळते. आरसा किती सरकला हे आधीच ठाऊक असेल, तर तरंगलांबी कळते.

असे पहिले उपकरण त्यांनी १८८१ मध्ये जर्मनीत तयार करून घेतले. प्रकाश वाहून नेणारे ‘ईथर’ नावाचे माध्यम सर्वत्र भरलेले आहे अशी त्या वेळी समजूत होती आणि पृथ्वी त्यातून धावत असल्याने दोन काटकोनी दिशांतील प्रकाशाच्या वेगात जो फरक पडेल तो पकडावा, असा त्यांचा हेतू होता. बर्लिन शहरातील रहदारीच्या हादऱ्यांनी पट्टे स्थिर राहीनात, म्हणून उपकरण पॉट्सडॅमच्या वेधशाळेत हलविण्यात आले. तेथेही वेधशाळेपासून सु. १०० मीटरवर फरसबंदीवर कोणी पाय आपटला तरी पट्टे पार नाहीसे होत असत, असे मायकेलसन यांनी नोंदवून ठेवले आहे. उपकरणाची सूक्ष्मता हीच त्याची अडचणही होती.

म्हणून १८८७ मध्ये क्लीव्हलँड येथे एडवर्ड मॉर्ली यांच्यासह हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा उपकरण दीड मीटर चौरस व सु. ३० सेंटिमीटर जाडीच्या दगडी शिळेवर बसविले आणि ती शिळा पाऱ्यावर तरंगत ठेवली. अनेक आरशांवरून पुनःपुन्हा परावर्तन करून प्रकाशाचा मार्ग सु. ११ मीटरपर्यंत लांबविला होता. ईथर अस्तित्वात असते तर उपकरण फिरवताना पट्टे त्यांच्या रुंदीच्या ०.४ पट सरकायला हवे होते. प्रत्यक्षात आढळलेले विचलन त्याच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी होते. मायकेलसन यांना हा निकाल अपयशच वाटला. पुढे १९०५ मध्ये आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी मांडलेल्या विशिष्ट सापेक्षता सिद्धांतात ईथरची गरजच उरली नाही आणि या ‘अपयशा’ची गणना भौतिकीतील सर्वांत महत्त्वाच्या प्रयोगांत होऊ लागली. मायकेलसन यांना १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र ईथरच्या प्रयोगाबद्दल नव्हे, तर त्यांच्या काटेकोर प्रकाशीय उपकरणांबद्दल व त्यांच्या साहाय्याने केलेल्या मोजमापांबद्दल. विज्ञानातील नोबेल मिळविणारे ते पहिले अमेरिकी नागरिक होत.

मीटर आणि प्रकाशतरंग

पॅरिसजवळ सेव्र येथील आंतरराष्ट्रीय वजन-माप केंद्रात प्लॅटिनम-इरिडियम मिश्रधातूची एक कांडी ठेवलेली होती व तिच्यावरील दोन खुणांमधील अंतर म्हणजे मीटर, अशी व्याख्या होती. ती कांडी आगीत वितळली किंवा काळानुसार आखडली तर काय, हा प्रश्न वैज्ञानिकांना भेडसावीत असे. मायकेलसन १८९२ मध्ये निमंत्रणावरून सेव्रला गेले आणि कॅडमियम धातूच्या बाष्पातून निघणाऱ्या तांबड्या प्रकाशाच्या तरंगलांबीत त्यांनी मीटर मोजला. एक मीटर म्हणजे १५,५३,१६३.५ तरंग असे उत्तर आले.

पंधरा लाख पट्टे एकेक करून मोजणे अशक्य होते, आणि इतक्या लांब अंतरावर पट्टे स्पष्ट राहतही नाहीत. त्यासाठी त्यांनी योजलेली युक्ती मुळातून समजून घेण्याजोगी आहे. सु. ०.३९ मिलिमीटर लांबीचा एक लहान नमुना घेऊन त्यात मावणारे सु. १,२०० पट्टे प्रत्यक्ष मोजले. मग त्याच्या दुप्पट लांबीचा दुसरा नमुना, त्याच्या दुप्पट तिसरा, अशी नऊ नमुन्यांची साखळी १० सेंटिमीटरपर्यंत नेली. प्रत्येक पायरीवर पूर्णांक संख्या आधीच ठाऊक होत असे. केवळ उरलेला अपूर्णांक पट्ट्यांवरून वाचायचा असे. शेवटचा नमुना दहा वेळा पुढे सरकवून मीटर पुरा झाला. दुपटीच्या पाढ्याचा असा उपयोग वर्गात मुलांना सांगितला, तर पाढे पाठ करण्याचा कंटाळा काही अंशी तरी कमी होईल असे वाटते.

शार्ल फाब्री व आल्फ्रेद पेरो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी याच सुमारास, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, समोरासमोर समांतर ठेवलेल्या दोन रुपेरी काचांचा व्यतिकरणमापक तयार केला. त्यात किरण दोन काचांमध्ये अनेकवार मागेपुढे जातो. दोनच तरंग मिळतात तेव्हा पट्टे रुंद व मऊ कडांचे असतात. अनेक तरंग मिळाले की उजळ रेषा केसासारख्या बारीक होतात. या उपकरणाने १९०७ मध्ये बन्वा, फाब्री व पेरो यांनी मायकेलसन यांचे मोजमाप पुन्हा करून पाहिले आणि ते अत्यंत बारकाईने खरे ठरले. पुढे १९६० मध्ये मीटरची व्याख्याच क्रिप्टॉन-८६ च्या नारिंगी-तांबड्या प्रकाशाचे १६,५०,७६३.७३ तरंग अशी करण्यात आली व धातूची कांडी निवृत्त झाली. १९८३ पासून मीटर प्रकाशाच्या वेगावरून ठरविला जातो. तरीही प्रयोगशाळेत लांबी प्रत्यक्ष मोजण्यासाठी लेसर व व्यतिकरणमापक हीच जोडी वापरली जाते.

पृष्ठभागाची परीक्षा

भिंगे घासणाऱ्या कारागिरांना न्यूटनच्या कड्यांचे महत्त्व लवकरच उमगले. घासलेले भिंग त्याच वक्रतेच्या, पण उलट आकाराच्या अचूक नमुनाकाचेवर ठेवायचे आणि दोहोंच्या फटीतील कडी पाहायची, ही पद्धत आजही कारखान्यांत चालते. कडी कमी, तितके भिंग नमुन्याच्या जवळ.

सपाट पृष्ठभागासाठी अत्यंत काटेकोर सपाट केलेली काचेची चकती वापरतात. यंत्रशाळेत मापनासाठी असणारे पोलादी ठोकळे, म्हणजेच आपल्याकडील कामगारांच्या भाषेत ‘स्लिप गेज’, याच चकतीने तपासले जातात. चकती ठोकळ्यावर किंचित तिरपी टेकविली की मध्ये हवेची पाचर तयार होते आणि सोडियमच्या दिव्याखाली समांतर पट्टे दिसतात. पट्टे सरळ व समान अंतरावर असतील तर ठोकळा सपाट आहे. भूगोलाच्या नकाशातील समोच्चतादर्शक रेषांप्रमाणेच हे पट्टे वाचायचे असतात. फरक एवढाच की नकाशात दोन रेषांमधील उंचीचा फरक २० मीटर असेल, तर येथे तो सु. ०.२९ मायक्रोमीटर असतो.

पट्टा वाकडा दिसला तर तेथे उंचवटा आहे की खळगा? एकाच पट्ट्यावर सर्वत्र फटीची जाडी सारखी असते. जेथे खळगा आहे तेथे फट वाढलेली असते, म्हणून तीच जाडी गाठण्यासाठी पट्टा पाचरीच्या निमुळत्या टोकाकडे वळतो. उंचवटा असेल तर रुंद टोकाकडे वळतो. निमुळते टोक कोणते हे ठाऊक नसेल तर चकतीवर बोटाने हलकेच दाब द्यावा. फट कमी होते व पट्टे रुंद टोकाकडे सरकू लागतात. मात्र बोटाच्या उबेनेही काच फुगते, हे ध्यानात ठेवून थोडा वेळ थांबावे लागते. घाईने घेतलेले वाचन बहुधा चुकते.

फ्रँक ट्वायमन व आर्थर ग्रीन यांनी १९१६ मध्ये मायकेलसन यांच्या मांडणीत बदल करून भिंगे व लोलक तपासणारा व्यतिकरणमापक बनविला. त्यात पट्ट्यांवरून काचेचा कोणता भाग आणखी किती घासायला हवा हे थेट कळे. आताच्या उपकरणांत आरसा ठराविक पावलांनी सरकवून अनेक चित्रे घेतात आणि संगणक प्रत्येक बिंदूची उंची काढून देतो.

पृष्ठभागाच्या परीक्षेला सर्वाधिक सूक्ष्मता आणली ती सॅम्युएल टोलान्स्की (१९०७–१९७३) यांनी. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे जन्मलेले टोलान्स्की पुढे लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयात प्राध्यापक झाले. फाब्री-पेरो यांची अनेक परावर्तनांची कल्पना त्यांनी पृष्ठभागांकडे वळविली. तपासायचा पृष्ठभाग व सपाट काच या दोहोंवर चांदीचा लेप द्यायचा आणि त्यांना एकमेकांच्या अगदी जवळ, काही तरंगलांब्यांच्या अंतरावर आणायचे. चांदीचा लेप खालच्या पृष्ठभागाची प्रत्येक पायरी जशीच्या तशी उचलतो. पट्टे आता रुंद न राहता सुईने ओढल्यासारखे होतात व त्यांतील जरासाही खंड लपत नाही. अशा रीतीने त्यांनी एक-दोन नॅनोमीटर उंचीच्या, म्हणजे काही अणुथरांच्या, पायऱ्या मोजल्या. अभ्रकाचा पापुद्रा कोठे एका थराने जाड आहे हे दिसू लागले. हिऱ्यांच्या नैसर्गिक पैलूंवर आढळणाऱ्या त्रिकोणी खळग्यांचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक त्या काळी दुर्मीळ व महाग होता, आणि त्याला आडवा विस्तार दिसे तरी उंची मोजणे कठीण जाई. साध्या दिव्याच्या प्रकाशाने उंचीच्या मोजमापात त्याची बरोबरी केली. अपोलो मोहिमांनी आणलेल्या चंद्रावरील धुळीचे परीक्षण करणाऱ्यांतही टोलान्स्की होते.

हबल दुर्बिणीचा आरसा

व्यतिकरणमापक खोटे बोलत नाही, परंतु त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा असेल तर उत्तरही तसेच येते. २४ एप्रिल १९९० रोजी अवकाशात सोडलेल्या हबल दुर्बिणीचा २.४ मीटर व्यासाचा मुख्य आरसा हे त्याचे मोठे उदाहरण आहे. दुर्बिणीने पाठविलेली छायाचित्रे अस्पष्ट निघाली. आरशाच्या कडा हव्या त्यापेक्षा सु. २.२ मायक्रोमीटर अधिक सपाट झाल्या होत्या. ही चूक केसाच्या जाडीच्या सु. तिसाव्या हिश्श्याएवढी होती. पण ज्या आरशाची घडण १० नॅनोमीटरच्या आसपास अचूक ठेवली होती, त्याच्या दृष्टीने ती प्रचंड होती.

आरसा तपासताना व्यतिकरणमापकाबरोबर दोन आरसे व एक भिंग असलेले एक साहाय्यक साधन जोडले होते. मुख्य आरसा योग्य आकाराला आला की पट्टे सरळ दिसावेत, अशी त्याची योजना होती. या साधनातील भिंगाचे अंतर ठरविण्यासाठी एक धातूची कांडी वापरली. कांडीच्या टोकावर छिद्र असलेली टोपी होती आणि छिद्रातून कांडीच्या टोकावर प्रकाश पाडून परावर्तन पाहायचे होते. टोपीवरील काळ्या रंगाचा टवका उडाल्यामुळे प्रकाश टोपीवरूनच परतला. अंतर १.३ मिलिमीटरने चुकले. भिंग ठराविक जागी बसेना, तेव्हा वॉशर घालून ते बसविण्यात आले. पुढे पट्टे सरळ दिसू लागले आणि आरसा चुकीच्या आकारात अत्यंत निर्दोषपणे घासला गेला.

सर्वांत खेदाची गोष्ट याहून वेगळी आहे. दुसऱ्या दोन साधनांनी घेतलेल्या चाचण्यांत दोषाची खूण दिसली होती. ती साधने कमी अचूक आहेत असे म्हणून त्यांची साक्ष बाजूला ठेवण्यात आली. चौकशी समितीने नोव्हेंबर १९९० च्या अहवालात हे स्पष्ट नमूद केले. चूक नेमकी किती आहे हे कळले असल्यामुळेच तिच्यावर उलट दुरुस्ती करणारे प्रकाशीय घटक बनविता आले आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी ते बसविल्यावर दुर्बिणीला दृष्टी आली.

ताऱ्यांपासून गुरुत्वतरंगांपर्यंत

मायकेलसन व फ्रान्सिस पीझ यांनी डिसेंबर १९२० मध्ये माउंट विल्सन येथील १०० इंची दुर्बिणीवर २० फुटी तुळई बसवून तिच्या टोकांच्या आरशांतून आलेल्या प्रकाशाचे व्यतिकरण पाहिले. त्यावरून मृग नक्षत्रातील काक्षी या ताऱ्याचा कोनीय व्यास ०.०४७ सेकंद असा निघाला. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचा व्यास मोजला जाण्याची ही पहिली वेळ होती.

मायकेलसन यांच्याच मांडणीचे आजचे सर्वांत मोठे रूप म्हणजे अमेरिकेतील ‘लायगो’ ही गुरुत्वतरंग वेधशाळा. हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील तिच्या दोन उपकरणांचे बाहू प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीचे आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेला गुरुत्वतरंग तेथे प्रथम नोंदविला गेला; त्या वेळी बाहूंच्या लांबीत झालेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाच्या घरातील होता. अशा क्षीण संकेतांना गोंगाटातून वेगळे काढण्याच्या गणिती पद्धतींवर पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेत संजीव धुरंधर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ काम केले आहे.

याच धर्तीवर ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात उभारण्याच्या सु. २,६०० कोटी रुपयांच्या प्रकल्पास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. जागा निवडताना जमिनीची स्थिरता व रहदारीच्या कंपनांपासूनचे अंतर या गोष्टींना मोठे महत्त्व होते. पॉट्सडॅमच्या फरसबंदीवरील पावलांनी मायकेलसन यांना जो त्रास दिला, त्याच त्रासाच्या निवारणासाठी लायगोचे ४० किलोग्रॅम वजनाचे आरसे चार टप्प्यांच्या लंबकाला काचेच्या बारीक तंतूंनी टांगलेले असतात.